आकाशाचे वेड ऑनलाइन वाटून घेताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

७ जानेवारी १६१० च्या रात्री गॅलिलिओने गुरूकडे दुर्बीण वळवली, तेव्हा ग्रहाजवळ एका ओळीत त्याला तीन बारीक तारे दिसले. दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला गेलेले होते. ९ तारखेला आकाश ढगाळ होते, १० आणि ११ तारखेला दोनच तारे दिसले आणि १३ तारखेला चौथाही सापडला. मार्च महिना अर्धा उलटण्यापूर्वी त्याने ही सारी निरीक्षणे तारखा, वेळा आणि ठिपक्यांच्या आकृत्यांसह छापून लोकांपुढे ठेवली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस खगोलशास्त्रज्ञ केप्लरने उसन्या दुर्बिणीतून तेच चार ‘तारे’, म्हणजे गुरूचे उपग्रह, पाहिले. वाचणाऱ्याला आपले आपण ताडून पाहता यावे इतका तपशील गॅलिलिओने दिला होता, आणि आकाशाची आवड लोकांपर्यंत पोहोचवण्याचा याहून चांगला नमुना मला अजून सापडलेला नाही.

ज्यांना आकाश पाहण्याचा नाद लागला आहे आणि जे पाहिले ते ऑनलाइन चार लोकांना सांगावेसे वाटते, पण सुरुवात कोठून करावी हे उमजत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अवकाशाच्या सुंदर छायाचित्रांचा महापूर समाजमाध्यमांवर आधीच वाहतो आहे. त्यात आणखी एकाची भर पडावी आणि पाहणाऱ्याने बोट फिरवून पुढे सरकावे, एवढ्यासाठी रात्री जागवण्यात अर्थ नाही. आपले लिखाण वाचून कोणीतरी फोन खाली ठेवते, घराबाहेर येते आणि आपण सांगितलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहते, तेव्हा काम झाले असे मी मानतो. पुढच्या बहुतेक सूचना याच कसोटीतून निघाल्या आहेत.

आधी वही, मग पडदा

पहिला महिना काहीही प्रसिद्ध करू नये, असा माझा आग्रह आहे. या काळात एक साधी वही ठेवावी आणि आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक रात्री निदान अर्धा तास बाहेर घालवावा. नोंदीत तारीख, वेळ, दिशा, क्षितिजापासूनची अंदाजे उंची, वापरलेले साधन, ढग आणि चंद्रप्रकाश यांची स्थिती आणि जे दिसले ते लिहावे. जे शोधूनही दिसले नाही तेही लिहावे, कारण उद्या वाचक नेमका तोच प्रश्न विचारणार आहे. महिनाभराचा काळ मी मुद्दाम सुचवतो. चंद्राच्या कलांचे चक्र साधारण साडेएकोणतीस दिवसांत पूर्ण होते, त्यामुळे अमावास्येचे काळे आकाश आणि पौर्णिमेचे धुवून निघालेले आकाश यांतला फरक तेवढ्यात स्वतः अनुभवता येतो. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि फोनच्या पांढऱ्या प्रकाशाकडे एकदा पाहिले की ही कमाई क्षणात जाते, म्हणून नोंदी मंद लाल प्रकाशात घ्याव्यात.

मोठी दुर्बीण हाती येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. १०×५० ची (१० पट विशालन, ५० मिलिमीटरची भिंगे) द्विनेत्री दुर्बीण भिंतीच्या कडेवर किंवा तिपाईवर नीट टेकवली, तर गुरूचे उपग्रह, कृत्तिकांचा तारकागुच्छ, मृग नक्षत्रातील तेजोमेघ आणि सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका हे सारे तिच्यातून दिसते. घरात परतल्यावर स्टेलॅरियमसारख्या मोफत संगणकप्रणालीत तीच तारीख आणि वेळ घालून आपली नोंद तपासावी. आधी प्रणाली उघडून मग आकाश पाहिले, तर डोळ्यांना अपेक्षित तेच दिसू लागते. आधी पाहून मग तपासले, तर चूक कोठे होते ते कळते.

महिन्याच्या शेवटी वही चाळताना एक गोष्ट आपोआप पुढे येईल: काही विषयांवर आपण पानेच्या पाने लिहिली आहेत आणि काहींना हातही लावलेला नाही. पहिल्यांपैकी एक विषय उचलावा. केवळ चंद्र, केवळ द्विनेत्रीतून दिसणारे आकाश, केवळ तेज बदलणारे तारे, असा एखादा लहान कोपरा पुरेसा असतो. कृष्णविवरांपासून मंगळावरच्या वाहनांपर्यंत सर्व काही सांगण्याचा संकल्प करणारे बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्यांच्या बातम्या पुढे ढकलू लागतात. ‘ॲस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे’ हा रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बॉनेल या दोन खगोलशास्त्रज्ञांचा उपक्रम १६ जून १९९५ पासून चालू आहे आणि त्याचा साचा दिवसाला एक चित्र आणि त्याखाली तज्ज्ञाने लिहिलेल्या मोजक्या ओळी एवढाच आहे. तो जगभर पोहोचला, त्याचे बरेचसे श्रेय मी या आखीव मर्यादेला देतो.

पहिली पोस्ट

नवखा माणूस साधारणपणे असे लिहितो: ‘काल रात्री गुरू अप्रतिम दिसत होता. त्याचे चंद्रही दिसले. हे विश्व किती अथांग आहे!’ लिहिणाऱ्याचा आनंद खरा आहे, पण वाचकाच्या हाती त्यातले काहीच लागत नाही. तोच अनुभव असा लिहून पाहावा:

‘काल रात्री ९ वाजून १० मिनिटांनी ७० मिलिमीटरच्या लहान दुर्बिणीतून, सुमारे ५० पट विशालनाने गुरू पाहिला. त्याच्या पूर्वेला तीन ठिपके होते आणि पश्चिमेला एक, ग्रहाला जवळजवळ खेटून. ११ वाजता पुन्हा पाहिले तेव्हा पश्चिमेचा ठिपका दिसेनासा झाला होता. तो आयो होता. या दोन तासांत तो गुरूच्या मागे गेला. आयो गुरूभोवती साधारण साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे एका रात्रीतही त्याची हालचाल कळते. उद्या रात्री याच वेळी पाहा आणि चारही ठिपके कोठे आहेत ते कागदावर काढून ठेवा.’

या मजकुरात एकही विशेषण आकाशाच्या स्तुतीसाठी खर्च झालेले नाही, तरी वाचणाऱ्याला ठिपका नाहीसा झाल्याची ओढ लागते. वेळ आणि साधन दिल्यामुळे ज्याच्याकडे तशीच दुर्बीण आहे त्याला ‘मलाही दिसेल’ हा भरवसा येतो. दोन निरीक्षणांमध्ये दोन तासांचे अंतर ठेवल्यामुळे आकाशात काहीतरी घडले, आणि जे घडते त्याचीच गोष्ट सांगता येते. उपग्रहाची ओळख लिहिणाऱ्याने प्रणालीत तपासून घेतलेली आहे. तशी तपासणी झाली नसेल, तर ‘आयो असावा’ असे लिहावे. शेवटच्या वाक्याने वाचकाला करण्याजोगे एक काम दिले आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे वाक्य आहे.

ऑनलाइन लिहिताना एक अडचण हमखास येते, ती म्हणजे वाचक कोठे राहतो हे आपल्याला ठाऊक नसते. ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ हे शब्द त्यामुळे शक्यतो टाळावेत. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाची पूर्व डावीकडे असते, तर दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे तोंड करून पाहणाऱ्याची पूर्व उजवीकडे. तिकडून पाहिलेला चंद्रही आपल्याला उलटा वाटावा असा दिसतो. त्यातच काही दुर्बिणी प्रतिमा उलटी करतात आणि काही आरशातल्यासारखी डावी-उजवी बदलतात. म्हणून आकाशातील पूर्व-पश्चिम सांगावी आणि आकृतीवर बाण काढून ती दाखवावी. वेळ लिहिताना स्थानिक वेळेसोबत जागतिक प्रमाणवेळही द्यावी आणि दोन्हींची तारीख वेगवेगळी लिहावी. ही सूचना मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका चंद्रग्रहणाची वेळ स्थानिक वेळेत बदलताना मध्यरात्रीमुळे तारीख बदलते हे माझ्या ध्यानात राहिले नाही आणि मी ग्रहण एक दिवस उशिराने असल्याचे लिहिले. दोन वाचक दुसऱ्या रात्री जागत बसले होते. तेव्हापासून प्रसिद्ध करण्यापूर्वी तारीख दुसऱ्या कोणाला तरी वाचायला देतो.

छायाचित्र घेताना आणि दाखवताना

सुरुवात चंद्रापासून करावी, आणि तीही पौर्णिमेच्या चंद्रापासून नको. पौर्णिमेला सूर्याचा प्रकाश चंद्रावर आपल्या पाठीमागून, समोरासमोर पडतो, त्यामुळे विवरांच्या सावल्या नाहीशा होतात आणि चित्र सपाट येते. शुक्ल अष्टमीच्या सुमारास उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर सूर्य नुकताच उगवत असतो आणि तेथे प्रत्येक कडा लांब सावली टाकते. त्यानंतर दोन दिवसांनी सुमारे ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस विवर त्या रेषेवर येते. प्रथम कड्याचा वरचा भाग उजळतो, तळ काळाच राहतो, आणि काही तासांत मध्यभागीची शिखरे एकेक करून प्रकाशात येतात. अशी तीन चित्रे तासाच्या अंतराने घेतली, तर कोणत्याही स्पष्टीकरणावाचून चंद्रावरची सकाळ दाखवता येते.

फोनने चित्र घ्यायचे असल्यास दुर्बीण आधी डोळ्याने नीट केंद्रित करावी आणि मग फोनची भिंग नेत्रिकेसमोर (दुर्बिणीत डोळा लावायच्या भिंगासमोर) सरळ रेषेत आणावी. हाताने धरण्यापेक्षा फोन पकडणारा साधा धारक वापरल्यास अर्धे कष्ट वाचतात. पडद्यावर चंद्राच्या उजळ भागावर बोट ठेवून प्रकाश कमी करावा, इतका की सीमारेषेजवळचा तपशील स्पष्ट व्हावा, आणि बटण दाबताना होणारी थरथर टाळण्यासाठी दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा. ग्रहांसाठी एका छायाचित्रापेक्षा मिनिटभराची चित्रफीत अधिक उपयोगी पडते, कारण ऑटोस्टॅकर्टसारखी मोफत प्रणाली तिच्यातील स्थिर चौकटी निवडून एकमेकींवर रचते आणि वातावरणाच्या थरथरीतून तपशील बाहेर काढते. तिपाईवरील कॅमेऱ्याने नक्षत्रांची चित्रे घेताना ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने भागून जितके सेकंद येतील, तितका वेळ कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवावी. २५ मिलिमीटरच्या भिंगाला वीस सेकंद येतात. त्याहून अधिक वेळ ठेवल्यास पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होऊ लागतात. हा हिशेब पूर्ण आकाराच्या संवेदकासाठी आहे; लहान संवेदकाला वेळ आणखी कमी ठेवावा लागतो.

चित्र कसे झाले हे त्याच्यासोबत लिहिणे हे मी ऐच्छिक मानत नाही. एकच चौकट आहे की पन्नास चौकटींची रचना, पुढचे दृश्य आणि आकाश एकाच वेळी टिपले की वेगवेगळे, रंग किती वाढवले, हे दोन ओळींत सांगता येते. काही फोन चंद्र ओळखून त्यावर आपल्या बाजूने तपशील चढवतात. ती सोय बंद करावी किंवा निदान चालू होती हे नमूद करावे. हे न सांगण्याचा परिणाम लगेच दिसतो: मृगातील तेजोमेघाचे झगमगीत चित्र पाहून हौसेने दुर्बिणीला डोळा लावणाऱ्याला तेथे करडा, धुरकट ठिपका दिसतो, आणि तो ‘एवढेच?’ म्हणून कायमचा पाठ फिरवतो. त्याला आधीच सांगितले असते की डोळ्याला मंद प्रकाशात रंग फारसे कळत नाहीत, आणि त्या करड्या धुराचा प्रकाश तेथून सुमारे १३०० वर्षांपूर्वी निघाला आहे, तर तो बहुधा थांबला असता.

अवकाशातील दुर्बिणींच्या चित्रांबद्दल ‘हे रंग खरे आहेत का?’ असा प्रश्न हटकून येतो आणि त्याचे उत्तर आपल्याजवळ तयार हवे. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघातील स्तंभांच्या प्रसिद्ध चित्रात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिलेला आहे. प्रकाश खरा आहे, त्याचे मोजमाप खरे आहे. रंगांची वाटणी माणसाने केली आहे, कोणता वायू कोठे आहे ते वेगळे दिसावे म्हणून. जेम्स वेब दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते, जो डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे तेथे रंगांची अशी वाटणी केल्यावाचून चित्रच बनत नाही.

दुसऱ्यांची चित्रे आणि फिरती माहिती

स्वतःचे चित्र नसेल तेव्हा दुसऱ्याचे वापरण्यास हरकत नाही, मात्र अटी वाचाव्यात. नासाने स्वतः तयार केलेल्या चित्रांवर सामान्यतः स्वामित्व हक्क नसतो. युरोपीय दक्षिण वेधशाळेची चित्रे बहुतांशी श्रेय देण्याच्या अटीवर मोकळी असतात. नासाच्या पानावर दिसणारे प्रत्येक चित्र मात्र नासाचे नसते. तेथे खासगी छायाचित्रकारांचीही चित्रे असतात आणि त्यांची परवानगी घ्यावीच लागते. श्रेय चित्राच्या शेजारी, वाचता येईल अशा अक्षरांत द्यावे. दृष्टिहीन वाचकांसाठी चित्राचे शब्दांत वर्णन जोडण्याची सोय बहुतेक माध्यमांवर असते. ती वापरावी, आणि त्यात ‘सुंदर चंद्र’ असे न लिहिता उजेडाची बाजू कोणती, सावल्या कोणीकडे पडल्या आहेत, हे लिहावे.

वावड्या हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर थोडा वेळ घालवायला हवा, कारण ऑनलाइन आकाशाबद्दल बोलणाऱ्याचा बराचसा वेळ त्यातच जातो. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, आणि जवळजवळ ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आलेला नव्हता. त्या वेळी फिरलेल्या एका संदेशात असे वाक्य होते की ७५ पट विशालनाने पाहिल्यास मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल. ते बरोबर होते: मंगळाची कोनीय रुंदी तेव्हा सुमारे २५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) होती आणि चंद्राची साधारण १८०० असते. पुढे पाठवता पाठवता ७५ पट विशालनाचा भाग गळून पडला, वर्षही गळले, आणि ‘येत्या ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा संदेश त्यानंतर कित्येक वर्षे दर ऑगस्टमध्ये फिरत राहिला. हे उदाहरण मी नवख्यांना आवर्जून सांगतो, कारण एक अट गळल्याने खरे वाक्य खोटे कसे होते, हे त्यात उघड दिसते. उल्कावर्षावाच्या बातम्यांत हेच घडते. ‘तासाला १००’ हा आकडा आकाश पूर्ण काळे असताना आणि उल्कांचा उगमबिंदू डोक्यावर असताना एका निरीक्षकाला किती दिसतील याचा असतो; शहराच्या उजेडात त्यातल्या मूठभरच दिसतात. बातमी देताना अटही द्यावी आणि ‘तुमच्या आकाशात कदाचित पाच-दहाच दिसतील, तरी पाठ टेकून तासभर पाहा’ असे मोकळेपणाने सांगावे.

मृग नक्षत्रातील तांबडा तारा काक्षी, म्हणजेच बेटेलज्यूस, २०१९ च्या अखेरीस मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची प्रत (तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद) नेहमीच्या सुमारे ०.५ वरून १.६ पर्यंत गेली, तेव्हा तो आता फुटणार, अशी हाकाटी झाली. पुढे निरीक्षणांतून दिसले की ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यातून धुळीचा ढग बनला होता आणि त्याने प्रकाश अडवला होता. त्या दिवसांत चांगले काम केले ते रोज काक्षीची शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून आकडा प्रसिद्ध करणाऱ्या हौशी निरीक्षकांनी. खळबळजनक बातमी आली की आपणही हेच करावे: मूळ संशोधनसंस्थेचे निवेदन शोधावे, त्यात ‘शक्यता’ हा शब्द कोठे आहे ते पाहावे, आणि वाचकाला स्वतः काय पाहता येईल ते सांगावे. निवेदन सापडले नाही, तर बातमी सोडून द्यावी.

थेट प्रक्षेपण

थेट प्रक्षेपणाची घाई करू नये. वीस-पंचवीस पोस्ट झाल्यावर त्याकडे वळावे. पहिला विषय चंद्रच असावा, कारण तो तेजस्वी असतो, सापडायला सोपा असतो आणि प्रेक्षकांपैकी पुष्कळांना त्याच क्षणी बाहेर जाऊन पाहता येतो. दुर्बीण पृथ्वीच्या गतीबरोबर फिरत नसेल, तर अर्ध्या अंशाच्या दृष्टिक्षेत्रातून चंद्राचा एखादा भाग सुमारे दोन मिनिटांत सरकून जातो. ही अडचण लपवण्यापेक्षा दाखवावी: विवर चौकटीच्या एका कडेला आणावे, हात मागे घ्यावा आणि ‘आता जे सरकते आहे ती आपली पृथ्वी आहे’ असे सांगावे. इतका साधा प्रयोग पाहून लोक स्तब्ध होतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ओबीएस स्टुडिओ या मोफत प्रणालीने दुर्बिणीचा कॅमेरा आणि बोलणाऱ्याचा आवाज एकत्र करता येतो. आदल्या रात्री संपूर्ण तालीम करावी, खाते नवीन असेल तर प्रक्षेपणाची परवानगी काही माध्यमांवर एका दिवसाने मिळते हे ध्यानात ठेवावे, आणि चित्रापेक्षा आवाजाकडे अधिक लक्ष द्यावे. अंधुक चित्र लोक सहन करतात, वाऱ्याने फाटलेला आवाज नाही. ढग आले तर काय दाखवायचे ते आधी ठरवलेले असावे; मी वहीतील जुन्या आकृत्या जवळ ठेवतो. प्रक्षेपण प्रेक्षकांपर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचते, म्हणून पिधानासारख्या (चंद्राआड तारा लपण्यासारख्या) घटनेची अचूक वेळ त्यावरून नोंदवायला कोणालाही सांगू नये.

सूर्याच्या बाबतीत कोणतीही सवलत नाही. सूर्य दाखवायचा असेल तर योग्य गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, प्रकाश आत शिरण्यापूर्वी बसलेली असली पाहिजे आणि शोधक दुर्बीण (नेम धरण्यासाठी जोडलेली लहान दुर्बीण) झाकलेली असली पाहिजे. नेत्रिकेला लावायच्या गाळण्या तापून तडकतात आणि त्या क्षणी डोळा जातो. आयएसओ १२३१२-२ मानकाचे ग्रहणचष्मे केवळ नुसत्या डोळ्यांसाठी असतात. ते घालून दुर्बिणीतून किंवा द्विनेत्रीतून पाहिल्यास एकवटलेला प्रकाश चष्मा जाळून डोळ्यात शिरतो. ग्रहणाविषयीच्या प्रत्येक पोस्टमध्ये हे वाक्य असावे, आणि ते शेवटी न टाकता सुरुवातीलाच लिहावे, कारण शेवटपर्यंत सगळे वाचत नाहीत.

प्रश्न येऊ लागल्यावर

पहिल्या काही महिन्यांत साधारण तेच ते प्रश्न येतात. रांगेने सरकणारे दिवे बहुधा नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह असतात. त्यांची पहिली साठ उपग्रहांची तुकडी मे २०१९ मध्ये गेली. संध्याकाळी पश्चिमेला न हलणारा अतितेजस्वी दिवा बहुतेक वेळा शुक्र निघतो. ताऱ्याला आपले नाव विकत घेता येते का, यावर उत्तर असे की ताऱ्यांच्या नावांना मान्यता देण्याचे काम आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ करतो आणि तो नावे विकत नाही. चंद्रावरचे ध्वज दुर्बिणीतून का दिसत नाहीत, याचे उत्तर आकड्यांनी द्यावे: हबल दुर्बिणीलाही चंद्रावर सुमारे ९० मीटरहून लहान वस्तू वेगळी ओळखता येत नाही आणि उतरलेल्या यानाचे पाय जेमतेम ९ मीटर रुंदीत पसरलेले होते, चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाने मात्र जवळून त्या जागा टिपल्या आहेत.

राशी आणि भविष्याचे प्रश्न विचारणाऱ्याला हिणवू नये. त्याला नक्षत्रांची नावे ठाऊक असतात, आणि ती ओळख आकाशापर्यंत नेण्याचा तो सरळ मार्ग आहे. ‘तुमची सूर्यरास, म्हणजे जन्माच्या वेळी सूर्य ज्या राशीत होता ती, या महिन्यात आकाशात कोठे आहे ते पाहू या’ असे म्हणून सुरुवात केली, की जन्माच्या महिन्यात सूर्य त्याच बाजूला असल्याने ती रास दिसतच नाही, हे त्याला स्वतःला कळते, आणि पुढचे प्रश्न तो आपणहून विचारतो. कोणी भांडायलाच आलेला असेल, तर पुरावा एकदा द्यावा आणि थांबावे.

आपलीच चूक कोणी दाखवली, तर मूळ पोस्टमध्ये वरच्या बाजूला दुरुस्ती आणि तिची तारीख लिहावी; पोस्ट गुपचूप काढून टाकू नये. ज्यांनी चुकीची माहिती आधीच वाचली आहे, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचण्याचा तोच मार्ग असतो. आणखी एक लहान सूचना: फोनच्या छायाचित्रांत जागेचे निर्देशांक लपलेले असतात. घरून निरीक्षण करणाऱ्याने, विशेषतः महाग साधने असल्यास, ते काढूनच चित्र टाकावे. वाचकाला अक्षांशाचा ढोबळ अंदाज पुरतो.

वाचकाकडून आलेली पहिली नोंद

काही महिन्यांनी एखादा वाचक लिहितो, ‘काल मी पाहिले, मला तीनच ठिपके दिसले.’ हा संदेश आला की बाकीची कामे बाजूला ठेवावीत. वेळ, जागेचा ढोबळ अंदाज आणि साधन विचारावे, आकृती काढली असल्यास मागून घ्यावी आणि ती वेळ प्रणालीत घालून पाहावी. चौथा उपग्रह गुरूच्या पुढ्यात किंवा मागे गेलेला असेल, तर त्याने अचूक पाहिले असे कळवावे. चौथा तेथे असूनही दिसला नसेल, तर तो ग्रहाच्या किती जवळ होता ते सांगून दुसऱ्या रात्री पुन्हा पाहायला सुचवावे. मग त्याच्या परवानगीने त्याची आकृती आपल्या आकृतीच्या शेजारी, त्याला हव्या त्या नावाने प्रसिद्ध करावी.

अशा लोकांना पुढची वाटही दाखवता येते. २००७ मध्ये सुरू झालेल्या गॅलक्सी झू उपक्रमात दीर्घिकांचे आकार ओळखताना हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला एक विचित्र उजळ ढग दिसला आणि ‘हे काय आहे?’ असे तिने विचारले. तसली वस्तू तोवर कोणाच्या ओळखीची नव्हती. १९ जुलै २००९ रोजी अँथनी वेस्ली या ऑस्ट्रेलियातील हौशी निरीक्षकाला गुरूवर नवा काळा डाग दिसला, तो आघाताचा निघाला. ३० ऑगस्ट २०१९ रोजी गेनादी बोरिसोव्ह यांनी स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून जो धूमकेतू शोधला, तो सूर्यमालेबाहेरून आलेला होता. तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी १९११ पासून गोळा करणारी एएव्हीएसओ ही संस्था नुसत्या डोळ्यांनी केलेले अंदाजही स्वीकारते. तीन ठिपके काढून पाठवणाऱ्या वाचकाला यातले एक काम सुचवावे, आणि पहिली नोंद भरेपर्यंत त्याच्यासोबत राहावे.